दर्या आणि दऱ्या : पडद्यावरच्या मराठीची पाठचिकित्सा

संकेतस्थळ सिद्ध करणारे लोक काम हातावेगळे करण्याआधी एक चाचणी घेतात. एकच पान निरनिराळ्या न्याहाळकांत, म्हणजे ब्राउझरांत, उघडून पाहायचे. मोठ्या पडद्यावर, लहान पडद्यावर, हातातल्या फोनवर ते कसे दिसते ते तपासायचे. कुठे काही मोडले असेल तर दुरुस्त करायचे. हे काम तंत्रज्ञांचे असून साहित्याच्या अभ्यासकाला त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असा सर्वसाधारण समज आहे. मराठीपुरता तरी हा समज पारखून घ्यावा असे आम्हांला वाटते. इंग्रजी पान न्याहाळकागणिक बदलते तेव्हा रकाने सरकतात, चित्रे खाली उतरतात. अक्षर सहसा शाबूत राहते. मराठीत आंतरजालाच्या आरंभापासून वारंवार मोडले ते अक्षरच. अक्षर मोडले की शब्द बदलतो आणि शब्दाबरोबर अर्थही. म्हणून या चाचणीचा मराठीतला इतिहास हे, आमच्या मते, पाठचिकित्सेच्या इतिहासातलेच एक प्रकरण आहे.

उदाहरणादाखल एक स्थलनाम घेऊ. १२ जानेवारी २०२४ रोजी मुंबई आणि रायगडचा किनारा जोडणाऱ्या सागरी सेतूचे उद्घाटन झाले. त्याच्या अधिकृत नावात 'शिवडी–न्हावा शेवा' हे शब्द आहेत. देवनागरीची परीक्षा पाहण्यासारखे या तीन शब्दांत पुष्कळ काही आहे. 'शि'मधील वेलांटी उच्चारात 'श'नंतर येते, पण लिहिताना त्याच्या आधी उभी राहते. 'न्हा'मध्ये 'न' अर्धा होऊन 'ह'ला जाऊन मिळतो. 'शे'वरची मात्रा अक्षराच्या माथ्यावर नेमक्या जागी बसावी लागते. आणि 'श' हे अक्षर तर मराठीत एका वळणाने व हिंदीत दुसऱ्या वळणाने लिहिले जाते. यंत्राला ही चार कामे जमली नाहीत तर काय होते, हे सांगणे म्हणजे पडद्यावरच्या मराठीचा बराचसा इतिहास सांगणे होय.

पेटी आणि संकेत

न्हावा आणि शेवा ही पनवेल-उरणच्या खाडीकाठची दोन गावे. त्यांच्या जोडनावाने ओळखले जाणारे बंदर २६ मे १९८९ रोजी, जवाहरलाल नेहरूंच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, त्यांच्याच नावाने सुरू झाले. त्यामागे भूमिसंपादनाचा कठोर इतिहास आहे. नवी मुंबईसाठी होणाऱ्या भूमिसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागातील शेतकरी उभे राहिले आणि जानेवारी १९८४ मधील गोळीबारात त्यांपैकी पाच जणांना प्राण गमवावे लागले. पुढे बंदरासाठी शेवा गावच्या कोळ्यांना आपली वस्ती सोडावी लागली आणि उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात त्यांचे पुनर्वसन झाले. गाव हलले, नाव मात्र जगभरच्या जहाजांच्या कागदपत्रांत जाऊन बसले. बंदरांच्या आंतरराष्ट्रीय यादीत न्हावा शेव्याला 'आयएनएनएसए' असा पाच रोमन अक्षरांचा संकेत आहे. पहिली दोन अक्षरे भारताची, उरलेली तीन या दोन गावांची.

हे बंदर मुख्यतः कंटेनरचे आहे, आणि कंटेनर ही वस्तू आमच्या विषयाशी वाटते त्याहून अधिक जवळची आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून या लोखंडी पेटीची मापे आंतरराष्ट्रीय मानकांनी बांधली गेली. लांबी वीस किंवा चाळीस फूट, आणि कोपऱ्यांवरचे सांधे सर्वत्र सारखे. जहाज कोणत्याही देशाचे असो, क्रेन कोणत्याही कारखान्याची असो, पुढे रेल्वेची वाघीण असो की ट्रेलर, पेटी न उघडता एका हातातून दुसऱ्या हातात जाते. आतला माल आणि त्याला वाहणारे साधन यांची अशी ताटातूट झाल्यामुळेच माल सुखरूप पोहोचू लागला.

योगायोग असा की, बंदर उभे राहत होते त्याच सुमारास आपल्या लिपीसाठीही अशीच एक पेटी घडवली जात होती. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतावली आकाराला आली आणि १९९१ मध्ये तिला भारतीय मानक ब्यूरोची मान्यता मिळाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेला होता. बंदर आणि संकेतावली यांत कार्यकारणभाव शोधण्याचे कारण नाही. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : अनेक हातांतून जाणारी वस्तू तीच कशी राहावी? 'क' या वर्णाला एक क्रमांक द्यावा, तो क्रमांक सर्वत्र तोच राहावा, आणि त्याचे चित्र काढण्याचे काम ज्याच्या त्याच्या पडद्यावर सोपवावे, हे युनिकोडचे उत्तर.

दिसते तसे नसते

उत्तर १९९१ मध्ये मिळाले, पण मराठी पाने ते वापरू लागली त्याला दहा-बारा वर्षे लागली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. १९९६ मध्ये 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू झाले. पुढच्या काही वर्षांत वृत्तपत्रे जालावर आली. या काळातल्या बहुतेक मराठी पानांची घडण आज समजावून सांगितली तर विद्यार्थ्यांना नवल वाटते. संगणकाच्या पोटात ते पान रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे असे. टंक घडवणाऱ्याने रोमन अक्षराच्या घरात देवनागरीचे चित्र ठेवलेले असे : एखाद्या घरात 'क', दुसऱ्यात अर्धा 'न', तिसऱ्यात नुसता काना. ही घरांची वाटणी प्रत्येक टंकात निराळी. म्हणजे मराठी होती ती केवळ वरच्या चित्रात. खाली जे साठवलेले होते त्याला कोणतीच भाषा नव्हती.

ज्याच्या संगणकावर तो टंक असे त्याला पान सुरेख दिसे. 'दिसते' एवढ्याच कसोटीवर ते पूर्ण उतरे. पण तेच पान दुसऱ्या यंत्रावर उघडले की रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस, डॉलरची चिन्हे यांचा अर्थहीन खच समोर येई. यावर १९९७ मध्ये एक उपाय निघाला : पानाबरोबर टंकही आपोआप धाडायचा. परंतु नेटस्केपची टंक धाडण्याची रीत एक आणि इंटरनेट एक्सप्लोररची दुसरी. दोन्ही न्याहाळकांसाठी दोन प्रकारचे टंक तयार करावे लागत. २००० मध्ये नेटस्केपच्या सहाव्या आवृत्तीतून ती सोय काढून टाकली गेली आणि तिच्यावर विसंबलेली पाने त्या आवृत्तीत निरक्षर झाली. 'हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, ८०० गुणिले ६०० बिंदूंच्या पडद्यावर उत्तम दिसेल' अशा सूचना त्या काळी तळाशी सर्रास आढळत. या सूचनेचा खरा अर्थ असा, की मजकूर एका खोलीत बंद आहे आणि वाचकाने त्या खोलीत येऊन तो वाचावा.

न्याहाळक बदलून पाहण्याच्या चाचणीने या काळात जे उघड केले ते केवळ तांत्रिक नव्हते. जो मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येत नाही, शोधता येत नाही, दुसऱ्या ठिकाणी चिकटवता येत नाही, त्याला 'लेखन' म्हणावे काय? शिळेवरचा लेख जागचा हलत नाही, पण त्याचा ठसा घेता येतो आणि तो कुठेही वाचता येतो. या पानांचा ठसा घेतला तर हाती चिन्हांचा ढीग येई. त्या वर्षांतील कितीतरी मराठी लेख, परीक्षणे, कविता, अग्रलेख अशा रूपात साठवले गेले. पुढे फायरफॉक्ससाठी 'पद्मा' नावाची जोडणी निघाली, ती काही प्रचलित टंकांतील मजकूर वाचताना युनिकोडमध्ये बदलून दाखवी. रूपांतराची इतरही साधने निघाली. पण रूपांतर म्हणजे नक्कल करणे नव्हे. जुन्या टंकांत रफार अक्षरानंतर साठवलेला असे, युनिकोडमध्ये तो आधी येतो. वेलांटी जुन्या टंकांत आधी, युनिकोडमध्ये नंतर. ही उलटापालट करताना साधने चुकतात, आणि चूक ओळखायला मराठी जाणणारा डोळाच लागतो. हस्तलिखिताची नक्कल करणाऱ्याच्या हातून होणाऱ्या चुकांचे जे वर्गीकरण आपण वर्गात शिकवतो, त्याचा हा नवा अध्याय आहे.

शविडीचे दिवस

विंडोज २००० मध्ये देवनागरीचा अंतर्भाव झाला. त्यासोबत आलेला 'मंगल' हा टंक कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००४ मध्ये 'मनोगत', २००७ मध्ये 'उपक्रम' आणि 'मिसळपाव' ही संकेतस्थळे आली. युनिकोडमधून मराठी लिहिणारी, वाद घालणारी, शुद्धलेखन तपासणारी एक पिढी तयार झाली. तरी चाचणीची गरज संपली नाही. तिचे स्वरूप बदलले.

विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी करणारा भाग आपोआप बसवलेला नसे. तो मुद्दाम बसवावा लागे, त्यासाठी मूळ तबकडी शोधावी लागे. जिथे तो नसे तिथे अक्षरे येत, पण ती ज्या क्रमाने साठवली त्याच क्रमाने उभी राहत. 'शिवडी'तील वेलांटी 'श'च्या मागे पडे आणि 'व'च्या आधी दिसे. वाचणारा 'शविडी' वाची. 'न्हावा'तला 'न' अर्धा होण्याऐवजी पाय मोडून वेगळा पडे. पोटातला मजकूर आता शुद्ध होता, वरचे रूप अशुद्ध. आधीच्या दशकाची ही बरोबर उलट अवस्था. चाचणी करणाऱ्याला प्रथमच असे म्हणता येऊ लागले की पाठ बरोबर आहे, दोष वाचणाऱ्या यंत्राचा आहे.

फायरफॉक्सची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली. तिच्यात आणि २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपूर्वीच्या रूपांत एक विचित्र दोष होता. परिच्छेदाच्या दोन्ही कडा समान केल्या की देवनागरीची जोडाक्षरे सुटी होत. छापील पुस्तकाची सवय असलेले लेखक गद्याच्या दोन्ही कडा नीट बांधत. कविता मात्र डाव्या कडेला लावून मोकळी सोडली जाई. परिणामी एकाच पानावर कविता धड आणि तिच्यावरचे भाष्य मोडके, असे दृश्य दिसे. तेच पान इंटरनेट एक्सप्लोररमध्ये निर्दोष असे. केवळ एका न्याहाळकात लिहून तिथेच वाचणाऱ्याला आपला निबंध निम्म्या वाचकांपर्यंत कसा पोहोचत असेल याची कल्पना येणे शक्य नव्हते.

शेतकऱ्याचा र

या साऱ्यात सर्वांत नाजूक जागा होती ती ज्याला आपण आडवा किंवा अर्धचंद्री 'र' म्हणतो त्याची. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधले खोलगट भाग. आचार्यांना वंदन करायचे, आचाऱ्यांना स्वयंपाक सांगायचा. रफार आणि अर्धचंद्री 'र' हा भेद हिंदीला लागत नाही. मराठीत तो अर्थ ठरवतो. त्याची गरज थोड्या शब्दांपुरतीही नाही. शेतकरी, अधिकारी, कर्मचारी, वारकरी, किनारा, सातबारा : हे शब्द विभक्तीचा प्रत्यय घेऊ लागले की त्यांच्यात हा 'र' येतो. शेतकऱ्यांना, अधिकाऱ्यांनी, किनाऱ्यावर, सातबाऱ्यावर. भूमिसंपादनाची कोणतीही मराठी सूचना या अक्षरावाचून लिहिता येणार नाही.

युनिकोडमध्ये हे अक्षर दोन रीतींनी लिहिता येते. एका रीतीत नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साधा 'र' घेऊन, पाय मोडून, पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. उच्चारानुसारी टंकलेखनाच्या काही साधनांनी दुसरी रीत रूढ केली. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. पण कित्येक संगणकप्रणाल्या अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून गाळून टाकतात. ते चिन्ह गेले की अर्धचंद्री 'र'चा रफार होतो आणि 'शेतकऱ्यांना' हा शब्द 'शेतकर्यांना' असा उमटतो. जालावर हे रूप इतके पसरले आहे की विद्यार्थी ते लेखकाचे अज्ञान समजून लाल शाईने खूण करतात. पुष्कळदा लेखकाने अचूक लिहिलेले असते. वाटेत गळालेले असते. शिवाय दोन रीतींमुळे शोधातही फूट पडते. एका रीतीने शब्द टाइप करून साधा शोध घेतला तर दुसऱ्या रीतीचे लेख हाती येतीलच असे नाही. उरणच्या आंदोलनावर किंवा कोळीवाड्यांच्या पुनर्वसनावर मराठीत काय लिहिले गेले हे धुंडाळणाऱ्या संशोधकाच्या हातून यामुळे निम्मी सामग्री निसटू शकते, आणि ती निसटल्याचे त्याला कळणारही नाही.

'ॲ'ची कथा याच जातीची. 'ॲ'साठी स्वतंत्र संकेत २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी 'अ'वर अर्धचंद्र चढवून काम भागवत. नवा संकेत जुन्या टंकांना ठाऊक नसल्याने तिथे रिकामा चौकोन दिसे. दोन्ही रूपे आजही शेजारी शेजारी नांदत आहेत.

लहान पडदा आणि ओवीचा क्रमांक

मग फोन आले. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांना देवनागरी येत नव्हती. मराठी पानावर चौकोनांच्या रांगा दिसत. ऑपेरा मिनी या न्याहाळकात एक पर्याय होता, तो निवडला की दूरचा संगणक मजकुराचे चित्र काढून पाठवी. मराठी वाचता येई, परंतु पुन्हा चित्र म्हणूनच. लिपी पंधरा वर्षे मागे गेल्यासारखी ती सोय होती. तरी तिच्याच आधारे अनेकांनी फोनवर पहिल्यांदा मराठी वाचली.

लहान पडद्याने एक मूलभूत प्रश्नही उभा केला. पान सर्वत्र हुबेहूब सारखे दिसले पाहिजे काय? जॉन ऑलसॉप यांनी २००० मध्ये आणि ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये इंग्रजीत असे मांडले, की जालावरच्या पानाने छापील पानाची स्थिरता मागू नये, पडद्याच्या मापाप्रमाणे आपली मांडणी बदलावी. हा विचार तेव्हा नवा वाटला. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र तो परका वाटू नये. ज्ञानेश्वरीचा संदर्भ आपण पृष्ठाने देत नाही. अध्याय आणि ओवी यांच्या क्रमांकाने देतो. आडव्या पोथीत, जाड टीकाग्रंथात, खिशातल्या गुटक्यात पृष्ठे निराळी पडतात, ओवी आपल्या जागी राहते. तिची रचना कागदाच्या कडांवर अवलंबून नाही. ती आतून बांधलेली आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा प्रतींची पाने जुळवली नाहीत, पाठ जुळवले. पडद्यांच्या चाचणीतही हाच विवेक हवा. ओळ कुठे तुटते याला महत्त्व नाही. शब्द तुटतो काय, कवितेची ओळ गद्यात मिसळते काय, उकार किंवा अनुस्वार वरखालच्या ओळीत छाटला जातो काय, हे पाहायचे.

एवढे मान्य केल्यावरही 'श' आणि 'ल' यांचा प्रश्न उरतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' ही मराठीची वळणे प्रमाण ठरवली. युनिकोडच्या दृष्टीने हिंदीचा व मराठीचा 'श' एकच, फरक रूपाचा. काही टंकांत दोन्ही वळणे असतात, आणि पानाची भाषा मराठी आहे असे संकेतात नोंदवले तर न्याहाळक मराठी वळण निवडतो. तशी नोंद पुष्कळ पानांवर नसते, म्हणून 'शेवा'मधला 'श' एका फोनवर मराठी आणि दुसऱ्यावर हिंदी दिसतो. यात पाठ बिघडत नाही हे खरे. पण लहान मूल शाळेच्या पुस्तकात एक 'श' गिरवते आणि पडद्यावर दुसरा पाहते, तेव्हा कोणता आपला हे ठरवण्याचा अधिकार अजाणता दूरच्या कोणा टंककाराकडे जातो. वळण ही भाषेची वस्तू आहे. ती आपण सांगितल्याशिवाय यंत्राला कळणार नाही.

तपासणी कोणी करायची?

भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. हिंदी आणि प्रादेशिक भाषांचा मजकूर प्रचलित न्याहाळकांत उघडून त्याची मांडणी बिघडत नाही ना हे तपासावे, अशी एक अट त्यांत आहे. अट योग्य आहे, पण 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक मांडणी पाहणाऱ्याला दिसत नाही. ओळी सरळ असतात, रकाने जागच्या जागी असतात, आणि शेतकऱ्याचा 'र' चुकलेला असतो. पान पाहणारे पुष्कळ असतात. ते वाचणारा कोणीतरी लागतो.

आमचे म्हणणे इतकेच आहे की हा वाचणारा मराठीच्या विभागातून यावा. महाविद्यालयाचे नियतकालिक, संशोधनाचा लेख, जुन्या मासिकाचे पुनर्मुद्रण जालावर ठेवताना चार गोष्टी सहज करता येतात. पान दोन न्याहाळकांत व एका फोनवर उघडून सलग वाचावे. त्यातला उतारा साध्या मजकुराच्या धारिकेत चिकटवून तो तसाच राहतो काय ते पाहावे. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेले शब्द शोधून सापडतात काय ते तपासावे, आणि त्यांची एकच रीत सर्वत्र ठेवावी. कवितेच्या ओळी आणि परिच्छेद यांना पृष्ठांवर न विसंबणारे क्रमांक द्यावेत. जुन्या टंकांत अडकलेल्या लेखनाचे रूपांतर करताना मूळ धारिका जपून ठेवावी आणि रूपांतरित प्रत मुद्रितशोधकाच्या नजरेखालून काढावी.

शेव्याचे कोळी ज्या किनाऱ्यावरून उठले तिथे आज पेट्यांच्या थप्प्या आहेत, आणि त्या गावाचे नाव जहाजांच्या याद्यांत पाच रोमन अक्षरांत मिसळले आहे. मराठीत ते नाव, ती माणसे आणि त्यांची हकीकत लिहिलेली आहे ती अशाच कुठल्या तरी पानांवर. ती पाने उद्याच्या पडद्यावर वाचता येतील की नाही, हे पाहणे आता संपादकाच्या कामाचा भाग झाले आहे.